न टाकलेला गाळ

सांडपाणी शुद्धीकरण केंद्र पाहायला सहल नेली, की मुले आधी नाकाला रुमाल लावतात. पाच-दहा मिनिटांनी, हवा सोडलेल्या मोठ्या टाकीच्या कठड्याशी उभी राहिली, की रुमाल आपोआप खाली येतात. टाकीतले पाणी चहासारखे तपकिरी, फेसाळ, सतत उकळत असल्यासारखे दिसते. पण वास येतो तो ओल्या मातीचा. एखादा चौकस विद्यार्थी मग विचारतोच, "यात औषध कोणतं टाकता?" केंद्रावरचा माणूस सांगतो, "औषध काही नाही. हवा आणि गाळ." मुलांना हे उत्तर अपुरे वाटते, बरोबर आलेल्या शिक्षकांनाही ते तसेच वाटलेले आम्ही पाहिले आहे. घाण पाण्यात आणखी गाळ मिसळायचा आणि त्याने पाणी स्वच्छ व्हायचे, हे ऐकायला उलटेच आहे. हे उलटे वाटणारे उत्तर सापडायला पन्नासाहून अधिक वर्षे लागली. त्या शोधाची ही हकिगत.

ती सुरू करायला लंडन सोयीचे आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदी इतकी नासली, की तिच्या काठावरच्या पार्लमेंटच्या खिडक्यांना ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवलेले पडदे लावावे लागले. त्याआधीच्या काही दशकांत घरोघरी पाणी सोडून मैला वाहून नेणारे संडास आले होते. पूर्वी खड्ड्यात साठणारा आणि गाड्यांतून शेतावर जाणारा मैला आता पाण्याबरोबर गटारात आणि गटारातून नदीत जाऊ लागला. सोय घराची झाली, गैरसोय नदीची. जोसेफ बाझलजेट या अभियंत्याने पुढे लंडनखाली मोठी गटारे बांधली, ती आजही वापरात आहेत. पण त्यांनी मैला शहराच्या पूर्वेला नेऊन पुन्हा नदीतच सोडला. दुर्गंधी हलली, प्रश्न हलला नाही.

त्या काळी सर्वांचा भरवसा रसायनशास्त्रावर होता. चुना घाला, लोहाचे क्षार घाला, गाळ खाली बसवा. एका पेटंट घेतलेल्या पद्धतीत तर तुरटी, रक्त आणि चिकणमाती यांचे मिश्रण मैलापाण्यात ओतत. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'एबीसी' पद्धत म्हणत! अशा उपायांनी पाणी थोडे निवळत असे, पण त्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ तसेच राहत आणि नदीत गेल्यावर सडत. शिवाय तळाशी चिखलाचे डोंगर साठत, ते वेगळेच.

एडवर्ड फ्रँकलंड हे नाव रसायनशास्त्राच्या शिक्षकांना संयुजेच्या संकल्पनेमुळे परिचित असेल. याच फ्रँकलंडने १८६८ साली नेमलेल्या नदी-प्रदूषण आयोगासाठी एक साधा प्रयोग केला. उंच नळ्यांत वाळू आणि निरनिराळ्या प्रकारची माती भरून त्यांतून मैलापाणी झिरपू दिले. सतत ओतत राहिल्यास माती तुंबते आणि नासते. पण थांबून थांबून ओतले, मधल्या वेळात मातीत हवा शिरू दिली, तर खालून येणारे पाणी स्वच्छ असते आणि त्यातल्या अमोनियाचे नायट्रेट झालेले असते. मातीला 'श्वास' घ्यायला सवड हवी, हे फ्रँकलंडने ओळखले. मात्र माती हे कसे करते, याचे त्याचे स्पष्टीकरण निव्वळ रासायनिक होते: सच्छिद्र मातीत हवेतला प्राणवायू आणि घाण एकत्र येतात आणि घाणीचे ऑक्सिडीकरण होते, इतकेच.

त्यातली चूक १८७७ साली पॅरिसमध्ये उघड झाली. श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोघांचा हा प्रयोग आमच्या मते प्रत्येक जीवशास्त्राच्या पुस्तकात असायला हवा. तो नसतो, ही खेदाची गोष्ट आहे. सुमारे मीटरभर लांबीची काचेची नळी, तिच्यात भाजून निर्जंतुक केलेली वाळू आणि चुनखडीची पूड. तीतून मैलापाणी अगदी सावकाश झिरपत ठेवले. पहिले वीस दिवस काहीच घडले नाही. वर घातलेला अमोनिया खाली तसाच आला. मग खालच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले आणि वाढत वाढत अमोनिया नाहीसा झाला. क्रिया केवळ रासायनिक असती तर ती पहिल्या दिवसापासून व्हायला हवी होती. वीस दिवस कोणाची वाट पाहण्यात गेले? याचा उलगडा करण्यासाठी त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बंद! क्लोरोफॉर्म काढून टाकला, तरी क्रिया आपली आपण सुरू होईना. मग थोडी बागेतली माती पाण्यात खळबळून ते पाणी नळीत ओतले आणि काही दिवसांनी नायट्रेट परत येऊ लागले. वाळूला भूल चढत नाही. भूल चढली ती वाळूवर राहणाऱ्या सजीवांना.

तरीही शहरांचे व्यवहार बदलायला वेळ लागला, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. हाच काळ पाश्चर आणि कॉख यांचा. जंतू म्हणजे रोग, हे समीकरण नुकतेच लोकांच्या मनात ठसत होते. मैल्यातले जंतू मारायचे, म्हणून त्यात कार्बोलिक आम्ल आणि ब्लीचिंग पावडर ओतणे हाच शहाणपणा वाटे. लंडनचा रसायनज्ञ विल्यम डिब्डिन याने १८८० च्या दशकात याच्या नेमके उलट म्हणायला सुरुवात केली: मैलापाणी शुद्ध करणारे खरे कामकरी हे जंतूच आहेत, त्यांना मारू नका, हवा द्या, वेळ द्या. ज्यांना नुकतेच जंतूंचे भय शिकवले होते त्या नगरपित्यांना हे पटवणे सोपे नव्हते. रोग पसरवणारे मोजके आणि निरुपद्रवी, उपकारी असे असंख्य, हा भेद आजही आपल्या वर्गांत पुरेसा स्पष्ट होत नाही. जंतुनाशकाच्या जाहिराती पाहून वाढणाऱ्या मुलांना तो समजावणे तर अधिकच अवघड आहे.

पुढची पंधरावीस वर्षे दगडांची होती, असे म्हणायला हरकत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १८८७ साली लॉरेन्स येथे एक प्रयोगकेंद्र उघडले. तिथे दिसले, की वाळूच काय, चांगली जाड खडीसुद्धा मैलापाणी शुद्ध करते. म्हणजे हे 'गाळणे' नव्हेच! खडीच्या फटींतून घाण सहज निसटली असती. खडीवर साचलेला बुळबुळीत थर ती घाण खात होता. डिब्डिनने कोकच्या चुऱ्याचे वाफे भरले. सॅल्फर्डमध्ये कॉर्बेटने १८९३ च्या सुमारास दगडांच्या ढिगावर मैलापाण्याचे फवारे उडवले. एक्झेटरमध्ये डोनाल्ड कॅमेरॉनने बंद टाकी बांधली आणि तिला 'सेप्टिक टँक' हे नाव दिले. त्या टाकीतून निघणारा वायू जळतो, हे पाहून त्याने तो दिव्यासाठी वापरला.

याच सुमारास गोष्टीत मुंबई येते. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० साली माटुंग्याला निराधार कुष्ठरुग्णांसाठी आश्रम सुरू झाला. (शाळिग्रामांबरोबर पोवाडे जमवून १८९१ मध्ये प्रसिद्ध करणारे अ‍ॅकवर्थ ते हेच.) या आश्रमाच्या मैलापाण्यावर तिथेच शेती केली जाई. मुंबईच्या ड्रेनेज खात्यातील अभियंता सी. सी. जेम्स याने तिथे बंद टाक्यांचे प्रयोग केले, त्यांतला वायू गोळा करून जाळला, आणि पूर्वेकडच्या शहरांच्या मैलापाण्यावर १९०२ आणि १९०६ साली दोन पुस्तके लिहिली. जगभरच्या बायोगॅसवरील लेखांत 'पहिले बायोगॅस संयंत्र मुंबईच्या कुष्ठधामात १८५९ साली बांधले गेले' हे वाक्य एकाकडून दुसऱ्याकडे उतरत गेलेले दिसते. आश्रमच १८९० चा, तर संयंत्र १८५९ चे कसे? बायोगॅसच्या संदर्भात माटुंग्याचे १८९७ हे सालही दिले जाते, आणि ते परिस्थितीशी जुळते. छापलेले सालसुद्धा तपासावे लागते, हे विद्यार्थ्यांना दाखवायला याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

ब्रिटनमध्ये १८९८ साली मैलापाण्यावर शाही आयोग नेमला गेला. तो सतरा वर्षे चालला. १९१२ च्या आठव्या अहवालात त्याने जे माप सुचवले ते आजही जगभर चालते. पाण्यात किती घाण आहे हे घाणीचे वजन करून नव्हे, तर ती खाताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात हे मोजून ठरवायचे. हीच 'बीओडी', म्हणजे जैवरासायनिक प्राणवायू मागणी. नदीत सोडायच्या पाण्यात ती लिटरला २० मिलिग्रॅमच्या वर आणि तरंगते कण ३० मिलिग्रॅमच्या वर नसावेत, तेही नदीत निदान आठपट स्वच्छ पाणी असेल तर, अशी मर्यादा आयोगाने घातली. मोजणीचा काळ होता पाच दिवस. ब्रिटनमधल्या नद्यांचे पाणी समुद्राला पोचायला पाच दिवसांहून अधिक लागत नाहीत म्हणून, असे याचे कारण सांगतात. तापमान ६५ अंश फॅरनहाइट. आपल्याकडे ही चाचणी आता सहसा २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस करतात. उष्ण हवेत जिवाणू घाईत असतात.

मॅंचेस्टरची अडचण अशी, की शहर मोठे, कारखाने पुष्कळ आणि दगडांचे वाफे एकरच्या एकर जागा खात होते. तिथल्या महापालिकेचे सल्लागार रसायनज्ञ गिल्बर्ट फाउलर १९१२ च्या अखेरीस अमेरिकेत गेले असताना लॉरेन्सचे केंद्र पाहायला गेले. तिथे क्लार्क आणि गेज हे बाटल्यांतल्या मैलापाण्यात हवा सोडून पाहत होते. बाटल्यांत हिरवी शेवाळी वाढली होती आणि पाणी निवळत होते. मैलापाण्यात हवा सोडण्याची कल्पना मुळीच नवी नव्हती. अनेकांनी ती करून पाहिली होती, आणि फायदा बेताचा म्हणून सोडून दिली होती. फाउलर परत आले आणि डेव्हिहुल्म येथील प्रयोगशाळेत एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांना त्यांनी तसेच करून पाहायला सांगितले.

आर्डर्न आणि लॉकेट यांनी बाटल्यांना तपकिरी कागद गुंडाळला. कारण उघड आहे: प्रकाश बंद केला की शेवाळ्यांचा वाटा वजा होतो, आणि उरते ते काम कोणाचे हे कळते. बाटलीत मैलापाणी भरले, हवा सोडत राहिले. सगळ्या अमोनियाचे नायट्रेट व्हायला पाच आठवडे लागले. पाच आठवडे! एवढ्या वेळात शहर टाक्यांखाली बुडून जाईल. इथवर आधीचेही आले होते आणि इथूनच परतले होते.

या दोघांनी पुढे एकच गोष्ट वेगळी केली. हवा बंद करून बाटली स्थिर ठेवली, वरचे निवळलेले पाणी ओतून दिले आणि तळाशी बसलेला तपकिरी गाळ तसाच राहू दिला. त्यावर नवे मैलापाणी घातले, पुन्हा हवा सोडली. या खेपेला पाच आठवडे लागले नाहीत. पुन्हा तेच. प्रत्येक खेपेला गाळ थोडा वाढे आणि लागणारा वेळ कमी होई. शेवटी तेच काम चोवीस तासांच्या आत, आणि गाळाचे प्रमाण पुरेसे वाढल्यावर काही तासांत होऊ लागले. आपल्याकडच्या कोणत्याही घरात हे ऐकून नवल वाटणार नाही. दही संपवताना चमचाभर विरजण मागे ठेवतोच की आपण! आधीचे संशोधक दर वेळी भांडे घासून नव्याने सुरुवात करत होते. आर्डर्न-लॉकेटनी भांडे घासले नाही.

३ एप्रिल १९१४ रोजी मॅंचेस्टरमध्ये त्यांनी हा निबंध वाचला आणि त्या गाळाला 'अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज', म्हणजे सक्रियित गाळ, असे नाव दिले. आपल्या तपकिरी टाकीचा जन्म तो.

विरजणाची उपमा मात्र फार ताणू नये. दह्यात प्रामुख्याने काही थोड्या जातींचे जिवाणू असतात. या गाळात शेकडो जाती एकत्र नांदतात. आणखी महत्त्वाचा फरक म्हणजे इथे एक निवड चाललेली असते, तिची कल्पना आर्डर्न-लॉकेटना पूर्ण असेलच असे नाही. वरचे पाणी ओतून देताना सुटे पोहणारे जिवाणू पाण्याबरोबर जातात. एकमेकांना चिकटून गठ्ठे करणारे तेवढे तळाला बसतात आणि मागे राहतात. असे शंभर वेळा केले की उरतात ते सगळे गठ्ठे करणारे. पद्धत चालते ती यामुळेच: जिवाणूंनी घाण नुसती खाऊन भागत नाही, त्यांनी नंतर खाली बसायलाही हवे. खाल्लेल्यापैकी बराच भाग ते प्राणवायूच्या मदतीने जाळतात, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो; उरलेल्यातून त्यांची नवी शरीरे होतात. विरघळलेली, हाती न येणारी घाण अशी हाती येणाऱ्या गाळात बदलते.

मॅंचेस्टर, सॅल्फर्ड, वूस्टर येथे दोन-तीन वर्षांत संयंत्रे उभी राहिली. अमेरिकेतही पद्धत झपाट्याने गेली. मागोमाग वकीलही गेले. हवा सोडण्याच्या यंत्रणेची पेटंटे स्टाउरब्रिजच्या जोन्स अँड अ‍ॅटवुड या कंपनीकडून आलेली होती, आणि त्या पेटंटांच्या मालकांनी अमेरिकन शहरांवर दावे लावले. मिलवॉकी शहराविरुद्धच्या खटल्यात १९३४ साली न्यायालयाने पेटंटाचा भंग झाल्याचे मान्य केले, पण संयंत्र बंद करण्याचा हुकूम मात्र उठवला. संयंत्र थांबले तर शहराचा सगळा मैला मिशिगन सरोवरात जाईल, आणि पैशाने भरून निघणाऱ्या नुकसानीसाठी लोकांचे आरोग्य पणाला लावता येत नाही, असा त्यामागचा विचार. विज्ञान आणि नागरिकशास्त्र हे दोन्ही शिकवणाऱ्या शिक्षकांनी हा निकाल जरूर लक्षात ठेवावा.

फाउलर १९१६ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि सक्रियित गाळाचे संशोधनही त्यांच्याबरोबर आले. तिथे त्यांना पाणी स्वच्छ करण्याइतकीच नत्राची काळजी होती. मैल्यातला नत्र हे जमिनीतून अन्नात आलेले धन. ते नदीत फुकट का घालवायचे? आपल्याकडे ही कल्पना परकी नव्हती. मैल्याच्या खताला मराठीत 'सोनखत' म्हणतात, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या नगरपालिकेचे सोनखत आसपासचे ऊसबागाईतदार विकत घेत होते. मात्र सोन्याचे कौतुक करताना ते कोणाच्या डोक्यावरून वाहिले जाई, हे विसरून चालणार नाही. काही ठरावीक जातींच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या हे काम करावे लागले. हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले, आणि त्यानंतरही गटारात उतरून माणसे मेल्याच्या बातम्या आपण वाचतो. जिवाणू आणि नळ यांनी करण्याजोगे काम माणसाकडून करून घेणे हे विज्ञानाच्या अभावामुळे घडलेले नाही. विज्ञान १९१४ पासून हाताशी आहे.

बंगलोरच्या याच परंपरेत एस. सी. पिल्लई आणि व्ही. सुब्रह्मण्यन यांनी १९४२ साली 'नेचर'मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. गाळातले जिवाणू सर्वांना ठाऊक होते. या दोघांनी लक्ष वेधले ते गाळावर देठांनी चिकटून राहणाऱ्या, घंटेच्या आकाराच्या आदिजीवांकडे, म्हणजे व्हॉर्टिसेला आणि एपिस्टायलिस यांच्याकडे. शुद्धीकरणात त्यांचा वाटा मोठा आहे, हे त्यांचे म्हणणे त्या काळी सर्वांनी मानले नाही. पुढे १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये झालेल्या प्रयोगांत दिसले, की हे केसाळ आदिजीव नसतील तर बाहेर पडणारे पाणी गढूळच राहते. सुटे पोहणारे जिवाणू टिपून खाण्याचे काम त्यांचेच. आज केंद्रावरचा जाणकार माणूस सूक्ष्मदर्शकाखाली व्हॉर्टिसेला दिसला की निश्चिंत होतो.

आता दुसरी बाजू. या पद्धतीची भूक हवेची आहे, आणि हवा सोडायला वीज लागते. अशा केंद्राच्या वीजबिलाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग एकट्या हवेसाठी जातो. बिल वाचवायला रात्री हवा बंद ठेवलेले एक केंद्र आम्ही पाहिले आहे. तिथली टाकी तपकिरी नव्हती, काळी होती, आणि सडक्या अंड्यांचा वास दुरून येत होता. कागदावर ते केंद्र चालू होते. यंत्र बंद केले की ते उद्या पुन्हा सुरू होते. गाळ सजीव आहे, तो गुदमरतो आणि सावरायला त्याला कित्येक दिवस, कधी आठवडेही लागतात.

म्हणून कमी विजेच्या जैविक वाटाही शोधल्या गेल्या. नागपूरला १९५८ साली स्थापन झालेल्या संस्थेने, जिला आपण आज 'नीरी' म्हणून ओळखतो, आपल्या उन्हाचा उपयोग करणाऱ्या उथळ तळ्यांचा अभ्यास केला. तिथे प्राणवायू पुरवतात ती शेवाळी, म्हणजे लॉरेन्सच्या बाटलीत फाउलरना दिसलेली आणि मॅंचेस्टरला कागद गुंडाळून बाहेर ठेवलेली! कोलकात्याच्या पूर्वेला मच्छीमारांनी शहराच्या मैलापाण्यावर तळ्यांत मासे वाढवून हेच केले. २००२ साली त्या पाणथळीला रामसर यादीत स्थान मिळाले. कानपूरला १९८९ साली डच मदतीने हवेविना चालणारी, वायू देणारी टाकी उभी राहिली. माटुंग्याची ती दूरची नात म्हणायची. यांतले कोणतेच सर्वत्र चालत नाही. तळ्यांना जागा लागते, हवेविना चालणाऱ्या टाकीतून निघणारे पाणी पुढे आणखी शुद्ध करावे लागते, आणि जागा नसलेल्या शहराला तपकिरी टाकीकडेच यावे लागते.

वर्गात यातले काही करून पाहायचे असेल तर मैलापाणी मुळीच वापरू नये. दोन बाटल्यांत तळ्याचे किंवा कुंडीतल्या मातीत खळबळलेले पाणी घ्यावे, एकीत चमचाभर दूध घालावे, दोन्हींत मिथिलिन ब्लूचे चार-पाच थेंब टाकून बाटल्या काठोकाठ भरून बुचे घट्ट लावाव्यात आणि अंधारात ठेवाव्यात. दूध खाणारे जिवाणू प्राणवायू संपवतात आणि तो संपला की त्या बाटलीतला निळा रंग जातो. मग तेच पाणी मोठ्या बाटलीत ओतून जोरात हलवावे. निळा रंग परत येतो. तो किती वेळाने पुन्हा जातो, आणि दुसऱ्या दिवशी तेच पाणी पुन्हा हलवले तर किती वेळाने जातो, याची नोंद मुलांनी घड्याळ लावून ठेवावी.